देवीच्या बर्डीवर रोडगे शेकेपर्यंत बोट बांधू देण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
खैरबर्डी जलाशय उपविभाग,
जि. अमरावती.

दिनांक : २४ जानेवारी २०२५

अर्जदार : सौ. प्रणाली नितेश भुयार, वय २९, शिक्षण बी.कॉम., राहणार साईनगर, अमरावती.

विषय : देवीच्या बर्डीवर जेवणापुरती, म्हणजे अडीच तास, परवडेल अशा दरात बोट बांधू देणे, धक्क्याला कठडा बसवणे, आणि मैनाबाईंवरचा दंड रद्द करणे.

संदर्भ : १) धक्क्यावरील आपल्या सहीचा नियमफलक. २) अर्जदाराचा दि. १६ डिसेंबर २०२४ चा अर्ज. त्याची पोच मागितली असता "साहेब दौऱ्यावर आहेत" एवढेच उत्तर मिळाले.

महोदय,

१. अर्जदार संतापलेली आहे, हे पहिल्याच ओळीत नमूद केलेले बरे. म्हणजे पुढे भातात खडा लागावा तसा एखादा शब्द लागला तर आपणांस नवल वाटणार नाही. आपल्या कार्यालयाबाहेर टायपिंग करून देणारे काका म्हणाले, "ताई, 'मी-मी' लिहू नका. सरकारले फक्त 'अर्जदार' समजते." म्हणून या अर्जात सगळीकडे अर्जदार असेच लिहिले आहे.

२. खैरबर्डी जलाशयाच्या मधोमध जी टेकडी पाण्याबाहेर राहिली, तीच देवीची बर्डी. तिच्यावर आसरामायचे ठाणे आहे आणि तेथे बोटीशिवाय जाता येत नाही. अर्जदाराची मुलगी आचल सातव्या महिन्यात जन्मली. बावीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि अर्जदार बावीस दिवस त्या पेटीबाहेर स्टुलावर. अर्जदाराच्या सासूबाई मनकर्णाबाई यांनी तेव्हा आसरामायला बोलून ठेवले, की पोर घरी आली तर तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या महिन्यात, पाच वर्षे, तुझ्या पायथ्याशी रोडगे करू. अर्जदार अकोल्याच्या कॉलेजात शिकलेली आहे आणि नवससायासावर तिचा फार भरवसा आहे असे नाही. पण त्या स्टुलावर बसून तिनेही "हो" म्हटले होते. तेथे कोणीही म्हटले असते.

३. आपण कदाचित बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले असाल, म्हणून रोडग्याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, तेलाचे मोहन घातलेले हे गोळे घरून शिजवून नेता येत नाहीत. देवीसमोरच गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा धगधगीत निखारा होईस्तोवर थांबायचे, मग रोडगे राखेत पुरून, उलटसुलट करत शेकायचे. सोबत वांग्याची भाजी. निवद दाखवून माणसे जेवेपर्यंत अडीच तास कुठेच जात नाहीत. घाई केली की वरून करपतो आणि आत कच्ची कणीक राहते.

४. गेली तीन वर्षे अर्जदाराचे चुलत दीर स्वप्निल यांची बोट बर्डीवरच्या पळसाच्या बुंध्याला बांधली जाई आणि कोणाचे काही अडत नसे. मागच्या दिवाळीनंतर आपण तेथे धक्का बांधला व ठेकेदाराला दिला. आता पळसावर "दोर बांधण्यास मनाई" अशी पाटी आहे. धक्क्यावरील फलक असा : थांबा तीस मिनिटांचा, शुल्क पन्नास रुपये. त्यापुढे मुक्काम समजण्यात येईल, शुल्क पंधराशे रुपये. पुन्हा थांबा हवा असल्यास बोट सर्व प्रवाशांसह पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून आणावी. दोन थांब्यांत दहा मिनिटांचे अंतर असावे. प्रवासी उतरवून रिकामी बोट परत नेऊ नये. आणि शेवटची ओळ : "ठरवून दिलेल्या जागी चूल पेटवण्यास मुभा आहे." म्हणजे आपल्या कार्यालयाने चूल पेटवायला परवानगी दिली आहे, फक्त तिच्यावर काही शिजू द्यायचे नाही.

५. अर्जदाराने डिसेंबरपासून दुसरी जागा शोधली. पूर्वेच्या काठावरील हॉटेलचा स्वतःचा धक्का आहे, तेथे दोन तास बोट फुकट बांधता येते. पण जेवण त्यांचेच घ्यावे लागते आणि बाहेरचा शिधा आत नेऊ देत नाहीत. आसरामायला पनीर चालते का, हे अर्जदाराने सासूबाईंना विचारण्याचे धाडस केले नाही. पश्चिमेच्या काठाला झाडाला दोर लावला तर वनरक्षक येतो. मासेमारी संस्थेचे लोक भले आहेत, त्यांनी चहा पाजला आणि सांगितले, की आमच्या घाटावर जाळे उतरते, सवारी उतरत नाही. शेवटी अर्जदार मुलीला कडेवर घेऊन आपल्या कार्यालयात आली. तेथील बाबूंनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाई, तीस मिन्टात होईन असं काही करा ना. पोहे करा. देवीले पोहे चालत नाहीत काय?" हे घरी सांगितल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आसरामायनं रोडगे मांगतले. नाश्ता नाही मांगतला." बाबू त्यावर काय म्हणतील ते अर्जदारास अद्याप कळलेले नाही. अर्जाला उत्तर आले नाही.

६. तेव्हा एक युक्ती निघाली. दर तीस मिनिटांनी दोर सोडायचा, पिंपाला वळसा घालून दहा मिनिटांनी परत यायचे आणि नवी पावती घ्यायची. फलकावर जे लिहिले आहे तेच, अक्षरशः. रविवार दि. १९ जानेवारी रोजी सकाळी ११.०५ वाजता पहिली पावती फाडली. सासूबाईंचे गुडघे पाहून ठेकेदाराच्या पावती-खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजीले राहू द्या, बाकीचे बसा." पहिल्या वळशाला अर्जदार, तिचे पती नितेश आणि आचल, तिघेही बोटीत होते. आचलला मळमळले. दुसऱ्या वळशाला ती रडली. स्वप्निल सुकाणूवरून म्हणाले, "वयनी, हा डोंगा हाये का तेलाचा घाना? सकाऊनपासून गोलगोलच फिरून राहिलो." सगळे हसले. अर्जदारही हसली.

७. दुपारी १२.५५ ला तिसऱ्या वळशाची वेळ झाली तेव्हा आचलने बोटीत पाय टाकायला नकार दिला. ती आजीपाशी राहिली. तिच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, कारण बोटीतून उतरले की ते खिडकीवर जमा केल्याशिवाय पावती पूर्ण होत नाही; ते बोटीचे आहे, काठाचे नाही. बोट पिंपाला वळून आठच मिनिटांत परत आली. धक्का वीस फुटांवर होता. खिडकीवरच्या मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "वयनी, अजून दोन मिन्टं हायेत. तवर दोर घेता येत नाही, मशीनमंदी टाइम येते." स्वप्निलने इंजिन बंद केले. सासूबाई राखेतले रोडगे उलटत पाठमोऱ्या बसल्या होत्या. आईची बोट आली म्हणून आचल धक्क्यावरून पळत सुटली. धक्क्याच्या टोकाला कठडा नाही. तो मंजूर आहे असे नंतर समजले.

मूल पाण्यात पडले की ओरडते असे अर्जदारास वाटत असे. ओरडत नाही. डबकन एक आवाज आला आणि धक्का रिकामा दिसला.

पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या मैनाबाई, वय साठच्या पुढे, नऊवारीसकट पाण्यात शिरल्या आणि त्यांनी आचलला फ्रॉकच्या गळ्याला धरून वर काढले. नितेश यांनी बोटीतून उडी घेतली होती. ते पोचेपर्यंत मैनाबाई धक्क्यावर होत्या. मग दोर घेण्यात आला. आचल अर्जदाराच्या मांडीवर पालथी पडून पाणी ओकत असताना खिडकीतून चौथी पावती बाहेर आली. तिच्यावर वेळ आहे १.०५. मशीन बरोबर चालते, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

८. त्यानंतर मैनाबाईंच्या हातात दुसरी एक पावती ठेवण्यात आली : "जलाशयात विनापरवाना उतरणे, दंड पाचशे." त्या दिवशी त्या जलाशयात बरोबर वागलेली एकच व्यक्ती होती आणि दंड तिलाच झाला. मैनाबाई म्हणाल्या, "मी काय तेथी आंग धुवाले उतरली व्हती काय? पोरगी बुडून राहिली व्हती." दंड अर्जदाराने भरू पाहिला, पण मैनाबाईंनी भरू दिला नाही. त्यांचे म्हणणे, पैसा भरला म्हणजे चुकले असे कबूल होते. सोमवारपासून त्यांना पायऱ्यांवर टोपले ठेवू दिलेले नाही.

रोडग्यांचे काय झाले हे कोणी विचारले नाही. ते राखेतच कोळसा झाले. निवद झाला नाही. सासूबाई पाच दिवस नीट जेवलेल्या नाहीत. आपण पाठ का फिरवली, हे त्या स्वतःलाच विचारून राहिल्या आहेत. त्यांना सांगून पाहिले, की पाठ फिरवल्याशिवाय रोडगा उलटता येत नाही. ऐकत नाहीत.

९. आता शेवटचे, आणि इथे टायपिंगवाल्या काकांनी दिलेला शब्द सोडावा लागतो, कारण पुढचे अर्जदाराच्या नावावर ढकलता येत नाही. पिंपाला वळसे घालायची युक्ती माझी होती. नितेश म्हणत होते, "जाऊ दे ना, पंधराशे भरून टाकू." मीच म्हटले, नियमात बसते तर कशाला भरायचे. फलक मी दोनदा वाचला, मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर मी लावला. मुलीला शिंक आली तरी रात्रीतून चारदा उठणारी बाई मी, आणि तिच्या अंगातले जॅकेट मी माझ्या हाताने काढून खिडकीवर ठेवले, पावती पूर्ण व्हावी म्हणून. आपला नियम खुळा होता. मी त्याच्याहून हुशार निघायला गेले आणि त्याच्याइतकीच खुळी झाले. हे माझ्या वाट्याचे आहे. ते मी सासूबाईंना देणार नाही, त्या खिडकीवरच्या मुलालाही देणार नाही. पण ती शेवटची दोन मिनिटे माझी नाहीत, साहेब. फलकावर सही आपली आहे. ती आपण घ्या.

१०. सबब मागणी अशी : बर्डीवर अडीच तासांचा जेवण-थांबा गोरगरिबाला झेपेल अशा दरात सुरू करावा, तोवर पळसावरची पाटी काढावी, जॅकेट काठावरही अंगात राहू द्यावे, कठडा कागदावरून धक्क्यावर आणावा, मैनाबाईंचा दंड रद्द करून त्यांचे टोपले होते त्या पायरीवर परत ठेवू द्यावे.

बुधवार दि. १२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमेस, आम्ही राहिलेला निवद करायला येत आहोत. बोट बांधली की रोडगे शेकून, जेवून, राख विझेपर्यंत दोर सुटणार नाही. उत्तर आले तर ठरेल ते शुल्क आनंदाने भरू. नाही आले तर मुक्कामाची पावती फाडायला आपण स्वतः यावे. मैनाबाईंना बोलावले आहे, पान आपलेही वाढू. आचल येणार आहे. ती पाण्याकडे पाठ करून बसते सध्या, पण येते म्हणाली आहे.

आजच्या तारखेपर्यंत नम्र,

(सही)
प्रणाली नितेश भुयार

सोबत :
१) थांब्याच्या चार पावत्या.
२) मैनाबाईंच्या दंडाच्या पावतीची प्रत.
३) रोडगा, एक नग. घरी घड्याळ लावून बरोबर तीस मिनिटे शेकलेला. मोडून आतून पाहावा.
४) आचलची उजव्या पायाची चप्पल. डावी आपल्या जलाशयात आहे.