काचेवरचे ठिपके

रविवार, संध्याकाळ. दिल्ली कॅन्ट

वळला! बुलबुल काचेपाशी आला आणि वळला! मी अंगणातच उभी होते.

गेल्या आठवड्यात दोन बुलबुल आमच्या क्वार्टरच्या खिडकीवर आपटले. काचेत अंगणातला कडुलिंब दिसतो, तोच खरा समजून येतात बिचारे. दुसऱ्याने तर माझ्या ओंजळीतच जीव सोडला. म्हणून काचेला आतून ठिपके दिले, तरी काल तिसरा आपटला. बाहेरून तर झाडच दिसत राहणार ना! एवढी साधी गोष्ट मला कळू नये?

आज बाहेरून दिले, दोन-दोन बोटांच्या अंतरावर, रांगोळीसारखे. ह्यांच्या पीटीच्या बुटांचा पांढरा रंग अख्खा संपवला.

"अगं, सकाळी बुटांना काय लावू?"

"कॅन्टीनमधून नवी बाटली आणा."

हात मात्र शिवशिवत होते. ठिपके दिसले की जोडायचे, हीच लहानपणापासूनची सवय. एकही जोडला नाही.

आईला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन, "अर्धीच का सोडलीस गं रांगोळी?"

पूर्ण झाली आई. वळला तो!