दुखत नाही म्हणजे भरतंय

आबा, तुमच्याशी एकदा भांडायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे आवाज चढवायची घरात कुणाची टाप नव्हती. आईसुद्धा काय बोलायचं ते चुलीकडे तोंड करून बोलायची. आता तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तुम्ही मधे तोंड घालणार नाही, तेव्हा निमूट ऐका.

पारोळ्याजवळच्या आपल्या घरातलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही पाट्यावर कंबरमोडीचा पाला वाटताय, आणि आई मिरच्या हातात घेऊन खोळंबलीय. "माझ्या ठेच्याला तुमच्या औषधाचा वास येतो," ती कुरकुरते. तुम्ही हसता आणि हळदीचा डबा मागता. बाहेर दारापुढच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलंच असायचं, विळा लागलेलं, कुऱ्हाड निसटलेली, बैलानं पाय तुडवलेला. आदल्या संध्याकाळी तुम्ही बांधावर जाऊन कंबरमोडीच्या झुडपाला हळदकुंकू वाहायचात, तांदूळ ठेवायचात आणि माणसाला सांगावं तसं आवतन द्यायचात, की उद्या येतो, कामाला चल. पहाटे कुणाशी न बोलता पाला तोडायचा. मग फडकं सोडून जखमेच्या कडेला अंगठा दाबायचा आणि विचारायचं, "दुखस का?" माणूस बोंबलला की आणखी पाला. एक दिवस तो म्हणायचा, नाही दुखत. "मंग भरी ऱ्हायना घाव," असं म्हणून तुम्ही हात धुवायला उठायचात. आणि जखमा भरायच्या हो आबा, ते मी नाकारत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण मग साखर आली. आधी गावातल्या दोघाचौघांना, मग तुम्हाला. गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरलात, आणि लग्नाच्या पंगतीत जिलेबीला कधी नाही म्हटलं नाहीत. मी मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी आले होते. सकाळी आईनं फरशीवर रक्ताचे डाग पाहिले आणि ओरडली, "हे कोण रगत सांडत गेलं?" डाग तुमच्या पलंगापाशी संपत होते. कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट टाचेत शिरून आतच मोडला होता आणि तुम्हाला पत्ता नव्हता. काय हसलात तेव्हा! कातडं बैलासारखं झालंय म्हणालात. मीही हसले.

वैद्यानं स्वतःचं औषध स्वतःला लावायचं नाही, गुण येत नाही, हा तुमचा नेम. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तुम्ही सांगायचात तसं मी धुवायचे, पाला भरायचे, अंगठा दाबायचे आणि विचारायचे, दुखतं का? "काहीच नही!" तुमचा चेहरा असा फुलायचा. मी जोरात दाबायचे, तरी नाही. आपण दोघं खूश. जखमेला वास यायला लागला, तर तुम्ही म्हणालात पाल्याचाच आहे. मधे अमावस्या आली, त्या दिवशी पाला तोडायचा नाही, म्हणून शिळ्यावरच फडकं बांधलं. पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा आईनं कुणाचं न ऐकता गाडी बोलावली.

जळगावच्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. वयानं माझ्याएवढाच होता. म्हणाला, "ताई, पाला वाईट नाही. साध्या जखमेवर चालतही असेल. पण साखरेनं पायाची जाणीव गेली होती, रक्त खाली पोचत नव्हतं. त्यांना दुखत नव्हतं कारण पाय मरत होता." पाय मांडीपासून कापला. आणि शुद्धीवर आल्यावर तुम्ही काय बोललात, आठवतं? "टाच दुखस वं माय, आते लई दुखस." नसलेल्या टाचेवर हात ठेवायला तुम्ही हात लांब केलात, तो चादरीवर पडला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सगळं कळलं होतं तुम्हाला. नंतर जखमेचं विष रक्तात भिनून तुम्ही गेलात. गावानं काय म्हटलं माहीत आहे? आबांना दवाखान्यानं मारलं. पाला लावत होते तोवर ठणठणीत होते, पाय कापला आणि गेले. आईनं आणि मी तेव्हा कुणाला काही समजावलं नाही. दहावा, तेरावा, त्यातच बुडालो होतो.

आता मागच्या हिवाळ्यात चोपड्याकडचा एक केळीवाला बायकोला घेऊन माझ्या दारात आला. आबांची पोर पारोळ्यातच असते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. केळीच्या बागेत अनवाणी पाणी भरता भरता तळव्याला भोक पडलेलं, आणि हा बाबा हसतोय! "काही दुखत नाही, फक्त भरत नाही. तुमचा तो पाला लावून द्या." मी त्याला डोळे मिटायला लावले आणि झाडूची काडी घेऊन त्याच्या तळव्याला टोचली. पुन्हा टोचली. तो म्हणाला, "टोचा ना मंग." त्याच्या बायकोनं पाहिलं, तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जळगाव गाठा, मी सोबत येते.

"आबांनी कोनाले दारातून वापस नाही पाठवलं," बाई म्हणाली. "आनि दवाखान्यात त्याह्यचं काय झालं, ते सगळ्याह्यले माहीत आहे."

मी ओरडले, आबा. तुमच्यावर ओरडायचं ते त्या गरीब बाईवर ओरडले. म्हटलं, आबा पाल्यानंच गेले, दुखत नाही म्हणता म्हणता गेले! तिनं नवऱ्याचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेली. तो उतरतानाही पाय दाणकन आपटत होता.

होळीनंतर ती एकटी आली. दुसऱ्या कुणाकडे तरी पाला बांधत राहिले, मग गुडघ्यापासून पाय गेला. तो जिवंत आहे, अंगणात खाटेवर बसून असतो. मी आत या म्हटलं, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "तुम्ही पाला दिला असता तं पाय राह्यला असता," एवढं म्हणाली. रडली नाही, भांडली नाही.

मला सगळं येत होतं. नस, रक्त, साखर, सगळं तिला समजावून सांगता आलं असतं. मी दाराला धरून उभी राहिले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही वाचून खूश झाला असतात. एका माणसाचा पाय गेल्याचं ती सांगत होती, आणि अजून कुणीतरी तुम्हाला खरं मानतं म्हणून मला बरं वाटत होतं.