झेली वाचणार आहे

प्रिय आई,

काल फोन मी आपटला. हे पत्र माफी मागायला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलेय.

झेली जन्मली तेव्हा ओठ, नाक, सगळं कसं सुरेख होतं. अख्खं कराके गाव म्हणालं, पोरगी आजोबांवर गेलीय. मग पहिल्यांदा पाजलं, आणि दूध नाकातून बाहेर आलं. नर्सनं तोंडात बोट घालून पाहिलं, तर टाळूला फट. तू मला विचारलंस, "दिवस असताना खाल्लंस तरी काय गं?" आणि लगेच, "बाहेरून दिसत नाही ना?" तेव्हा मी गप्प बसले. ती सवय आता गेली.

तिला उभी धरून, मऊ बाटली दाबून दाबून पाजत आम्ही तिला वाढवलं. वर्षाची व्हायच्या आत हॅलिफॅक्सच्या इस्पितळात टाळू शिवली. तोंडात बोटं घालू नयेत म्हणून तिच्या कोपरांना ताठ पट्ट्या बांधल्या होत्या. त्या पट्ट्यांनीच ती आपल्या बापाच्या, रेमीच्या नाकावर हाणायची. रेमी खूश: "भांडकुदळ निघाली! हिची काळजी नको."

सगळ्यांना वाटलं, शिवली ना टाळू, आता बोलेल. कुठलं काय! हवा अजून नाकातून निसटायची. "पापा" म्हणायला जायची आणि "मामाँ" निघायचं. "या घरात दोन आया, बाप कुणीच नाही," म्हणून रेमी हसायचा, आणि मग उगाचच धक्क्यावर जाऊन बसायचा. वाचा शिकवणाऱ्या माडलेनबाई तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या. तो धुरकटला की हवा चुकीच्या वाटेनं गेली. तळहातावर कागदाचा कपटा ठेवायचा, "प" म्हणून तो उडवायचा. झेली जीव तोडून फुंकायची, कपटा जागचा हलायचा नाही. शेवटी माडलेनबाईच म्हणाल्या, "पोरीची मेहनत कमी नाही, टाळूच मागे घशापर्यंत पोचत नाहीये." पाचव्या वर्षी पुन्हा ऑपरेशन. जखम भरल्यावर पुन्हा तोच कपटा, तोच "प". एका दुपारी तो उडाला आणि थेट बाबांच्या सुपाच्या वाटीत पडला. बाबांनी तो सुपासकट गिळला. "चांगला लागला. अजून एक पाठव," म्हणाले.

तू मात्र कुणी भेटायला आलं की तिचं वाक्य तिच्याआधी पुरं करायचीस. मायेनंच, मला ठाऊक आहे. बाबा शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत बसायचे आणि म्हणायचे, "परत सांग गं, माझे कान म्हातारे झालेत." ज्या माणसाला खाडीपलीकडच्या होडीचं इंजिन बिघडलेलं इथून ऐकू यायचं, त्याचे कान! ती परत सांगायची. आणखी मोठ्यानं.

येत्या पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, होड्यांना आशीर्वाद देताना यंदा गेलेल्या कोळ्यांची नावं त्यांची नातवंडं वाचणार आहेत. काल तू झेलीला सांगितलंस, "तू फुलं धर, राणी. आजोबांचं नाव क्लेमांसमावशीची मुलगी वाचेल, लोकांना नीट कळायला हवं." तिनं फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आजीला माझा आवाज लाजिरवाणा वाटतो का?" आई, हा अख्खा प्रश्न ती न अडखळता बोलली. एकही अक्षर नाकात गेलं नाही. म्हणून फोन आपटला, आणि म्हणून हे पत्र. पाद्रीबाबांना मी कळवून टाकलंय. बाप्तिस्त पिएर लांतेन हे नाव झेलीच वाचणार. त्यातल्या "स"ला अजून थोडी शीळ येते. येऊ दे. गर्दीत कुणाला कळलं नाही, तर ती परत म्हणेल. तू पुढच्या बाकावर बस, हवं तर रड. पण मधे बोलायचं नाहीस.

तुझीच,
ओदेत