गोगलगायीची ओळ

८ जुलै, सोमवार
पुन्हा 'शी डोन्ट'! सहावीच्या पोरींना महिनाभर घसा फोडून सांगतेय — 'शी' आलं की 'डझन्ट'. नुसत्या माना डोलावतात.

गटवाचन मात्र झकास. चौघींचा गट, प्रत्येकीला एकेक ओळ. दुसरा गट तर माझा हुकमी एक्का. त्यातली गोगलगाय तेवढी पहिल्याच शब्दावर रुतते. मग तिची ओळ मीच वाचून टाकते. बिचारीची सुटका!

१० जुलै
मोठ्या बाईंनी बोलावलं. माझ्याविरुद्ध लेखी तक्रार आलीये. वाचनाच्या तासाला मी अन्याय करते म्हणे. मी! कोणाची ते सांगेनात. शुक्रवारी बोलू म्हणाल्या. चार वर्षं राबून उभा केलेला तास आता हातचा जाणार!

कोण ते उघड आहे. गणिताच्या बाई. आमच्या वर्गांमध्ये नुसती प्लायवुडची भिंत, सगळं ऐकू जातं. परवाच म्हणाल्या, 'वाचनात फार वेळ घालवता हो तुम्ही.' सात वर्षं डबा वाटून खाल्ला आणि असा केसानं गळा कापला! ह्यांना सांगितलं, तर म्हणे आधी त्यांना विचार तरी. काय विचारायचं, कप्पाळ?

११ जुलै
डबा एकटीनं खाल्ला. त्यांनी दोनदा हाक मारली. ऐकू न आल्यासारखं केलं.

१२ जुलै, शुक्रवार
मोठ्या बाईंनी कागद हातात दिला. वहीचं फाडलेलं पान. इंग्रजीत चार ओळी, प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात. मी शिकवलं तस्संच — एकेकीची एकेक ओळ!

अक्षरं लगेच ओळखली. दुसरा गट. माझ्याच पोरी! जिथेतिथे ह्या पोरींचं कौतुक करत फिरले ना मी! पुढे वाचवेना. घडी करून पर्समध्ये कोंबला. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, 'घरी नीट वाचा. सोमवारी तुम्हीच सांगा, तास कोणाला द्यायचा.'

आता गणिताच्या बाईंना कुठल्या तोंडानं हाक मारू?

१३ जुलै
वाचला. पहिल्या तिघींचं म्हणणं एकच — बाई आमच्या मैत्रिणीची ओळ घेतात.

चौथी ओळ गोगलगायीची. तीनदा खोडून लिहिलेली. 'आय कॅन रीड. मिस डझन्ट वेट.'

'डझन्ट' अगदी बरोबर लिहिलंय.