सहाचा रकाना

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! डॉक्टरांचं क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, नळाला पाणी आहे, आणि खिडक्या चक्क बंद होतात. मागच्या नोकरीत यांतलं एकही सुख नव्हतं. आईने फोनवर बजावलं की निदान महिनाभर तरी कुणाशी भांडू नकोस. हो म्हटलंय. बघू किती दिवस जमतं.

मुलांचा वॉर्ड दहा खाटांचा, पिवळ्या पडद्यांचा, अगदी लख्ख. इथल्या मुख्य नर्सना सगळे मोठ्या बाई म्हणतात. तीस वर्षं त्या याच वॉर्डात आहेत. भिंतीवर रोज तापाचा तक्ता लागतो: एकच मोठा कागद, दहा खाटांच्या दहा ओळी, आणि वेळेचे तीन रकाने, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. कुठे खाडाखोड म्हणून नाही. माझ्या अक्षराची मलाच लाज वाटली.

बाहेर वऱ्हांड्यात मशीन टाकून एक बाई दवाखान्याच्या चादरी आणि मुलांचे झगे शिवते. तिची चार वर्षांची लेक दिवसभर स्वतःभोवती गरगर फिरत असते, म्हणून तिचं नाव भिंगरी. तिने पहिल्याच भेटीत मला सुईमावशी करून टाकलं. आईकडेही सुई आहे, पण तिची कुणाला रडवत नाही, असंही ऐकवलं. आगाऊ कार्टी! मला फार आवडली.

४ तारीख, मंगळवार

एकच दिवस टिकलं माझं शहाणपण.

सकाळी साडेनऊला तक्ता बघितला, तर दुपारचा आणि संध्याकाळचा रकाना भरलेला! अजून न आलेल्या वेळेचा ताप बाईंनी आधीच लिहून ठेवलेला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काही विचारू नका. बाई शांतपणे म्हणाल्या, साहेब दहाला फेरी मारतात, त्यांना तक्ता पुरा लागतो, त्यांच्या आधीपासूनची पद्धत आहे. पाट्या टाकायच्या त्या तरी किती टाकायच्या!

दोन वाजता त्यांना उघडं पाडायचं म्हणून मी स्वतः थर्मामीटर घेऊन दहाही पोरांचा ताप मोजला. दहाच्या दहा आकडे जुळले. तीन नंबरचा १००.४ सुद्धा. सहालाही तेच. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, त्या आपल्या कापूस तोडत बसल्या होत्या.

६ तारीख, गुरुवार

साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणजे इथले अधीक्षक. ते म्हणाले, तक्ता रोज बरोबरच येतो ना, मग घोडं अडलंय कुठे? नवीन आहात, रुळाल. कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी बाईंनाच पकडलं. त्या म्हणाल्या, मी लिहीत नाही, हात लिहितो. कधीकधी सहाच्या रकान्याशी हात थांबतो, मग तो रकाना रिकामाच राहतो. मी विचारलं, मग काय होतं? त्यांनी कपाटातून जुने तक्ते काढून दिले.

वर्षभरात तीन रकाने रिकामे. तिन्ही मुलं सहाच्या आत गेलेली. केसपेपरवर कारण काय, तर ‘साधा ताप’! मी ते पेपर पुन्हा पुन्हा वाचले. सकाळी ताप, पाय दुखतात म्हणून रडणं, अंग तापलेलं पण हातपाय गार, आणि दुपारनंतर अंगावर जांभळे ठिपके. अरे, साधा ताप कसला डोंबलाचा! मेनिंगोकॉकस आहे हा. हा जंतू मेंदूच्या आवरणात शिरतो, नाहीतर थेट रक्तात. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी हाताला लागत नाही. पण वेळेत अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं तर बहुतेक मुलं वाचतात. तिघांनाही ते मिळालेलं नाही, कारण इथला नियम: आधी पाठीतलं पाणी काढून तपासायचं, रिपोर्ट आला की साहेबांची सही, मग औषधाचं कपाट उघडणार. प्रयोगशाळा एक वाजता बंद!

त्या तीन तक्त्यांची भीती वाटली की नियमाचा संताप आला, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

९ तारीख, रविवार

सकाळी शिवणवाली भिंगरीला खांद्यावर टाकून आली. पहाटेपासून ताप, दोन उलट्या. भिंगरी फिरत नव्हती, बोलत नव्हती. सात नंबरच्या खाटेवर ठेवताना पायाला हात लागला तर किंचाळली. तळवे बर्फासारखे. पोटावर एकच ठिपका, तिळाएवढा. मी काचेचा पेला घेऊन त्यावर दाबला. साधं पुरळ असतं तर काचेखाली फिकट पडलं असतं. हा ठिपका तसाच राहिला.

मागे वळले तर बाई सातवी ओळ लिहीत होत्या. दहा वाजता १०२. दोन वाजता १०४. आणि पेन थांबलं. बाईंनी ते खाली ठेवलं आणि त्या हात धुवायला निघून गेल्या.

मी साहेबांकडे धावले. ते म्हणाले, आधी पाण्याचा रिपोर्ट. मी सांगितलं, मुलीचं रक्ताभिसरण ढासळतंय, आत्ता पाठीत सुई घालणं धोक्याचं आहे, तपासणीला रक्त काढते आणि लगेच इंजेक्शन देते. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि आज तर रविवार. औषधवाला म्हणाला, सहीशिवाय किल्ली देणार नाही, माझी नोकरी जाईल. तुझी नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणून मी स्टूल उचललं आणि कपाटाची काच फोडली. दहा चाळीसला इंजेक्शन शिरेत गेलं. मग सलाईन, मग आणखी सलाईन.

दोन वाजता ताप १०४. ठिपके मांड्यांवर पसरले. पाचला नाडी हाताला लागेना. शिवणवाली माझ्या तोंडाकडे बघत होती. ते मला सहन झालं नाही. सहाला पाच कमी असताना बाईंचं पेन घेतलं आणि रिकाम्या रकान्यात लिहून टाकलं, ९९.

सहाला ९९ भरला. भिंगरीने डोळे उघडून पाणी मागितलं.

इंजेक्शनने वाचवलं की पेनने? डॉक्टर मी आहे. इंजेक्शननेच.

१० तारीख, सोमवार

दोन नंबरचा मुलगा गेला. काल संध्याकाळी, सहाच्याच सुमारास. न्यूमोनियातून बरा झालेला, आज घरी जायचा होता. आम्ही सगळे भिंगरीभोवती. त्याच्या आईला वाटलं झोपलाय. चादर काढली तर अंगभर जांभळे ठिपके.

कालचा तक्ता काढला. त्याच्या सहाच्या रकान्यात सकाळी ९८ होतं, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. आता तिथे काही नाही. खोडल्याची खूणसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, रकाना भरता येतो, पण मग दुसऱ्या कुणाचा तरी रिकामा होतो. त्यांनीही एकदा भरला होता, भाच्यासाठी. जो भरतो, तक्ता त्याच्या हाताला चिकटतो. मी ओरडले, हे काल का नाही सांगितलंत? त्यांनी मलाच उलट विचारलं, सांगितलं असतं तर भरला नसता का?

बाईंनी राजीनामा दिला आणि पिशवी घेऊन गेल्या. जाताना गुणगुणत होत्या.

भिंगरीच्या घरच्यांना आणि जवळून संबंध आलेल्या सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या. मीही घेतली. साहेबांनी काचेबद्दल मेमो दिलाय आणि कपाटाला लोखंडी दार बसवलंय. एक पोर गेलं, एक मरता मरता वाचलं, आणि यांना काचेची पडलीय!

११ तारीख, मंगळवार

ठरवलं होतं, लिहायचं नाही. कोरा तक्ता टेबलात कोंडला, कुलूप घातलं. दहाला साहेब आले, म्हणाले, वा, किती सुरेख. तक्ता भिंतीवर. सगळे आकडे माझ्या अक्षरात.

फाडला. दुपारी पुन्हा लागलेला.

भिंगरी उठून बसली. आज फिरू का, विचारत होती. म्हटलं, परवा.

१२ तारीख, बुधवार

सकाळी नऊ. हात चालू झाला. एक, दोन, तीन — सगळे सहाच्या रकान्यापर्यंत भरले. सहा नंबरही. सात, भिंगरी — दहाला १००. दोनला १०३ — थांबला.

नाही. पुन्हा नाही हं.

दहा. ताप १००. इंजेक्शन रोज चालूच आहे, वेळेवर, पुरेपूर. अजून काय करायचं मी? कोणत्या पुस्तकात लिहिलंय? साहेब म्हणतात, काल तर मुलगी बरी होती, तुम्ही उगाच घाबरवता.

दोन. १०३. हात गार. शिवणवाली परत माझ्या तोंडाकडे बघतेय.

चार. सहाचे बाकी नऊ रकाने भरलेले आहेत. नऊ पोरं. कुणाचा रिकामा होईल? चार नंबरचा बोबडा? नऊ नंबरचं तान्हं? पेन उचलते, ठेवते. नाही होत माझ्याने. आणि भिंगरीला जाऊ देणंही —

पाच. मूर्ख आहे मी. दहाच ओळी कुणी सांगितल्या? पट्टी घेतली. दहावीखाली अकरावी आखली. नाव माझं. दहाला ९८. दोनला ९८. सहाला ९८. हात अडला नाही. तीनही रकाने भरले.

मग सातच्या ओळीत लिहिलं, ९९. आणि बघत बसले. अकराव्या ओळीतला शेवटचा ९८ फिकट होत — गेला. बाकी नऊ जागेवर. मोजले. दोनदा.

साडेपाच. पिंढऱ्या ठणकतायत. उजेड डोळ्यांत खुपतो. मनगटावर एक — पेला दाबला. जात नाही. म्हणजे बरोबर चाललंय.

मलाही इंजेक्शन हवं म्हणून औषधवाल्याकडे निरोप धाडला. सही आणा म्हणतो. साहेब घरी गेले. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ठिपका दिसला की रिपोर्टची वाट बघू नका, आधी इंजेक्शन. पुसलं तर याद राखा.

आईला फोन — लागत नाही.

सहाला दोन कमी. मान वाकत नाही. भिंगरीला थर्मामीटर लावायला शिवणवालीला सांगितलं. ती वाचतेय, मोठ्याने, शाळेतल्या पोरीसारखी — नव्व्याण्णव. भिंगरी हात पुढे करतेय, सुईमावशीला बोलव म्हणतेय. येते गं, एवढं लिहून —