डोहाळजेवणातली झाकलेली वाटी

आई, तू गेलीस तेव्हा मी मॅट्रिकला होते, आता मला सातवा लागलाय. अकोल्याच्या या घरात सगळे चांगले आहेत, हे आधी सांगते. सासूबाई दुधावरची साय माझ्यासाठी काढून ठेवतात. ह्यांनी बाळंतपणावरचं इंग्रजी पुस्तक आणून दिलं. नवीन काही दिसलं की मी कशी तुटून पडते ते तुला माहीतच आहे, दोन दिवसांत वाचून काढलं, पेन्सिलीने खुणा केल्या. त्यात दूध, पालक, पायांची सूज, सगळं आहे. सकाळी डोळे उघडले की रडू का येतं, ते नाही. बाळाचा विचार आला की आनंद होत नाही गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला होतं असं, लोहाच्या गोळ्या घे. सासूबाई म्हणाल्या, "इतकं शिकून रडतेस काय? मूल किरकिरं निघेल." तेव्हापासून मी न्हाणीघरात रडते.

आज डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, समोर झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी, पेढा निघाला तर मुलगा. सगळ्या ओरडतायत, "उचल, उचल!" आणि माझा हातच उठत नाही. झाकण काढलं की बाळ खरंच येणार, मग मागे फिरता येणार नाही, असं वाटतंय. "हिला जुळं पाहिजे वाटतं!" शेजारच्या काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. माझी वलगावची आत्या तेवढी हसली नाही. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं.

"काहून भेवून राहिली वं?"

मी सांगून टाकलं. तू नाहीस, मैत्रिणी अमरावतीत राहिल्या, कॉलेज सुटलं, आणि हे बाळ मला नकोसं वाटतं, हेही. वाटलं, आता कानाखाली बसते.

"तुही माय अशीच बसली होती माह्यासमोर," ती म्हणाली. "तू पोटात होती तवा. म्हने, वन्सं, मले ह्या लेकराचं भेव वाटते."

आई, ते लेकरू मी. कॉन्व्हेंटच्या रस्त्यावर तू माझं मनगट इतकं घट्ट धरायचीस की तुझी बांगडी रुतायची. एकदा टांग्यासमोर धावले म्हणून चापट मारलीस आणि स्वतःच रस्त्यात बसून रडलीस. तीच तू. मला कधी का नाही सांगितलंस?

"मग काय केलंस तू?" मी आत्याला विचारलं.

"काय करतो? एकटी सोडली नाई तिले. घरी आनली. बायाइत बसे, कधी हसे, कधी रडे. झटक्यात नाई गेलं. तू झाल्यावरबी लय दिवस लागले."

मग बाहेर जाऊन तिने सासूबाईंना सांगितलं, हिला नेते.

"आत्ताच? लोक काय म्हणतील?"

"लोकाइले मी पाहून घेतो."

सासूबाईंनी ह्यांना आत बोलावलं. हे म्हणाले, "मी स्टँडवर सोडतो." उद्या सकाळची एस.टी. आहे.

हा कागद कुणाला द्यायचा नाही, म्हणून लिहिते. आत्याला मी सगळं सांगितलं नाही. घरामागच्या विहिरीवर एकटीने जायला मला माझीच भीती वाटते, तेवढं राहिलं. उद्या गाडीत सांगेन.