मापाचा फोटो

सोमवार, ३
नवी वही, नवी नोकरी. आज फोटो स्टुडिओत रुजू झाले. काम अगदी माझ्या आवडीचं: लोकांचे फिके फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि त्यांचे रंग खुलवायचे. खोलीत दोनच टेबलं. भिंती मुद्दाम राखाडी ठेवल्यात, म्हणजे डोळ्याला दुसरा रंग लागत नाही. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर ताई. त्या इथे बारा वर्षं आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्या, असं मालक म्हणाले. शिकू की. चिमीचे बाबा बोटीवर असतात, घरात आम्ही दोघीच, म्हणून शाळा सुटल्यावर चिमीला इथे आणून बसवायची परवानगीही मागून घेतली. मिळाली. दिवस झकास गेला.

गुरुवार, ६
इथली एक पद्धत कळली. तासभर रंगांकडे बघत राहिलं की डोळा सोकावतो, कितीही भडक केलं तरी कमीच वाटतं. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात एक फोटो कायम उघडा ठेवायचा आणि त्याच्याशी ताडून रंग वाढवायचा. त्याला मापाचा फोटो म्हणतात. ताईंचा मापाचा फोटो म्हणजे त्यांच्या कुंडीतलं लाल फूल.

मी आज एका नवरीचा रंग खुलवायला गेले, तर ती टोमॅटोच्या रसात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली. मालक हसले. तोच फोटो ताईंनी घेतला आणि दहा मिनिटांत त्या मुलीच्या गालांवर खरीखुरी लाली आली. नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आनंद झाला असं लिहिणार होते, पण रोजनिशीत तरी खोटं कशाला बोला. पोटात दुखलं.

बुधवार, १२
चिमी त्यांना ताईमावशी म्हणते. आली की दप्तर माझ्याकडे भिरकावते आणि थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसते. आज मालकांनी नवा कॅमेरा तपासायला एक फोटो काढला, त्यातही कार्टी लाल रिबन मिरवत त्यांच्याच मांडीवर. माझ्या मांडीला काय काटे आहेत? मी आपली दप्तर सांभाळायला.

शुक्रवार, १४
ताई जेवायला गेल्या तेव्हा त्यांची सेटिंग माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मापाला आमच्या घरातल्या निळ्या पडद्याचा फोटो ठेवला, रंग वाढवायची पट्टी सरकवली, आणि गिऱ्हाइकाचा मळकट समुद्र असा काही निळा झाला की मालक खुर्ची ओढून बघत बसले.

घरी आले तर पडदा पांढराफटक. उन्हानं विटला म्हणावं, तर सकाळी चांगला निळा होता.

शनिवार, १५
ताईंनी ओळखलं. रागावल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. बाजूला घेऊन समजावलं. रंग काही हवेतून येत नाही म्हणाल्या, मापाच्या फोटोत जे असतं त्याचा जातो. म्हणून त्या दर महिन्याला फुलाची एक कुंडी खर्ची घालतात. माणूस तेवढा मापाला कधी ठेवू नकोस, असं दोनदा बजावलं. गेलेला रंग परत भरता येतो का, ते मी विचारलं. येतो म्हणाल्या, पण माणसाचा रंग माणसाच्याच रंगानं भरून निघतो.

एवढं सगळं त्या बारा वर्षं गप्प बसून करत होत्या, आणि मी त्याला कसब समजत होते.

मंगळवार, १८
मोठ्या कॅलेंडरचं काम आलं. बारा पानं, आणि प्रत्येक पानाखाली रंग करणाऱ्याचं नाव. मालकांनी ते ताईंना दिलं. मला विचारलंसुद्धा नाही. वर चिमीनं टाळ्या पिटून ताईंच्या गळ्याला मिठी मारली.

नव्या कॅमेऱ्याचा तो फोटो मापाला ठेवला. चिमीला आधी नीट कापून काढलं, चौकटीत फक्त ताईंचा चेहरा ठेवला. थोडंसंच घेणार आहे. त्यांच्या नाकावर टिच्चून एक काम करून दाखवायचंय, बस.

शुक्रवार, २१
काय फोटो झाले. फळं तोंडात टाकावीशी वाटतात. मालकांनी अर्धं कॅलेंडर माझ्याकडे वळवलं. ताईंचे ओठ राखेसारखे झालेत. डोकं दुखतंय म्हणाल्या, तरी त्यांचा हात चिमीच्या केसांतच. मला वाईट वाटलं, पण तो हात बघितल्यावर फारसं नाही.

सोमवार, २४
ताई आल्या नाहीत. बाराच्या बारा पानं माझी, आज छपाईला गेली. चिमीला पानं दाखवली तर मान फिरवून बसली, ताईमावशी कधी येणार म्हणे. तोंड उतरलंय तिचं. रुसलीये, दुसरं काय.

मंगळवार, २५
शाळेच्या बाईंनी बोलावून घेतलं. चिमी फार फिकट दिसते म्हणाल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही दोष नाही. संध्याकाळी तिची वेणी सोडताना विचारलं, ही पांढरी रिबन कुणी दिली. तिनं सांगितलं, तीच आहे, लालवाली.

बुधवार, २६
फोटोतला कापलेला भाग खरा जात नाही. रोज गिऱ्हाइकांना मीच सांगते — घाबरू नका, कापलेलं आत तसंच असतं, नुसतं झाकलं जातं. मीच सांगते.

चौकट ओढून मोठी केली. ताईंच्या मांडीवर चिमी. राखाडी. दोघीही राखाडी. त्यांचा सगळा रंग कॅलेंडरवर —

गुरुवार, २७, सकाळ
चिमी उठेना. उचलून स्टुडिओत आणली, बाकावर निजवली. माझा फोटो काढला. आता मापाला मी, आणि रंग भरायला त्या दोघींचा फोटो.

एवढ्यातही ताईंना वगळायला बघत होते. खोटं का लिहू. फक्त चिमीभोवती चौकट ओढली. चौकटीनं काय होतं. दोघीही भरतायत. माझा दुप्पट जातोय — थांबवता येत नाही, चिमीचे ओठ अजून —

दुपार
उठली. गाल लाल. रिबन लाल. माझी सोनी ती.

दारात ताई. टवटवीत. चिमी माझ्यासमोरून पळत गेली. हाक मारली. वळली नाही. ताई विचारतायत, आई कुठेय तुझी. चिमी इकडेच बघतेय, सरळ माझ्याकडे. कोणी नाहीये म्हणाली. भिंत आहे नुसती —

हात कुठला, भिंत कुठली — शाई पण दिसत नाही —

बसली. त्यांच्या मांडीवर. हसतेय.

चिमे, दप्तर माझ्याजवळ आहे गं. बघ ना, मी इथेच —